जड गाडी जास्त रस्ता धरते?

‘पहिली दुचाकी जडच घ्यावी, हलकी गाडी पावसात घसरते.’ बेळगाव-खानापूर भागात हा सल्ला घरातली वडीलधारी माणसंही देतात, मोबाईलवर फिरतो तो वेगळाच. समज चुकीचा असला तरी निराधार नाही. उघड्या माळावर आडवा वारा आला की जड गाडी कमी हलते, हे खरंच.

पण घसरण्याचं गणित वेगळं आहे. वजन वाढलं की टायरची पकड वाढते, आणि थांबवायचा भारही तेवढाच वाढतो. दोन्ही जवळपास फिटतात. चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर गाडी धरतात ते टायरची नक्षी, हवेचा दाब आणि बेताचा वेग. ब्रेकला एबीएस ही यंत्रणा असेल तर घाबरून ब्रेक दाबला तरी चाक सहसा जाम होत नाही.

नवखा माणूस बहुधा पडतो तो हळू वेगात: यू-टर्न घेताना, उसाच्या ट्रॉलीमागे थांबताना, चिखलात पाय टेकताना. तिथे वजन पायावर येतं. ११० सीसीची गाडी साधारण ११० किलोची असते, ३५० सीसीची १८०-१९५ किलोची.

पडताळायचं तर शोरूममध्ये गाडी स्टँडवरून काढा. बसून दोन्ही टाचा टेकतात का बघा. मग उतरून थोड्या चढावर ती मागे ढकला. जरा कलली की सावरता येते का? मी हे केलं तेव्हा आवडलेली गाडी तिथंच सोडून आलो.