फोकस झाल्यानंतर फर्निचर हलवू नये : हौशी नाट्यसंघांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून नेपथ्य, फर्निचर आणि स्पॉट (झोत टाकणारे दिवे) भाड्याने नेणाऱ्या संघांकडून प्रयोगाच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो : "सोफा फक्त दोन फूट मागे घ्यायचा आहे, त्याला जादा आकार कशासाठी?" त्याचे उत्तर पुरेशा सविस्तरपणे देता यावे, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येक बुकिंगसोबत देत आहोत.

मुंबईत नाट्यगृह दिवसभरासाठी क्वचितच मिळते. आपण एक सत्र घेता, आणि आधीच्या सत्रातील संस्थेचा सेट निघाल्याशिवाय आमचे सामान रंगमंचावर चढत नाही. हाती आलेल्या वेळात आधी लेव्हल (उंच चौथरे) आणि फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) उभे राहतात, फ्लॅटना मागून ब्रेस (तिरके टेकू) व वजने लागतात, दारे उघडझाप करून पाहिली जातात, मग फर्निचर जागेवर येते आणि त्यानंतरच स्पॉट फोकस होतात, म्हणजे प्रत्येकाचा झोत ठरलेल्या जागेवर रोखला जातो. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण माणूस कुठे बसणार आणि कुठे उभा राहणार हे ठरल्याशिवाय प्रकाश कुठे टाकायचा हे ठरत नाही.

खरी गफलत यानंतर होते. फोकस करताना आम्ही जमिनीकडे पाहत नाही, चेहऱ्याकडे पाहतो. समोरून साधारण 45 अंशांत उतरणारा झोत पाच फूट उंचीवरच्या चेहऱ्यावर पडला, की तो पुढे सरकून त्या माणसाच्या मागे सुमारे पाच फुटांवर जमिनीला टेकतो. म्हणून जमिनीवरचे उजळ वर्तुळ नटाच्या पाठीमागे दिसते आणि ते तिथेच असायला हवे. प्रेक्षागृहातून पाहणाऱ्याला मात्र प्रकाश मागे वाया जातो आहे असे वाटते, आणि मदतीच्या भावनेने कोणीतरी सोफा त्या वर्तुळात नेऊन ठेवते. तिथे झोत जमिनीलगत आलेला असल्याने बसणाऱ्याचे पाय उजळतात आणि चेहरा अंधारात जातो.

पश्चिम उपनगरातील एका संघाच्या प्रयोगात आम्ही हे विंगेतून पाहिले आहे. पहिल्या घंटेनंतर सोफा मागे सरकवला गेला होता. पडदा उघडला तेव्हा आईच्या मांडीवरचे पत्र लख्ख दिसत होते आणि ते वाचणाऱ्या आईचा चेहरा काळा पडला होता. त्या बाईंनी तो प्रवेश मनापासून केला, पण त्यांच्या डोळ्यांत आलेले पाणी तिसऱ्या रांगेलासुद्धा दिसले नसेल. समोरचे स्पॉट प्रेक्षागृहाच्या वरच्या भागात असल्याने प्रेक्षक बसलेले असताना त्यांना हात लावता येत नव्हता. मध्यंतरात सोफा मूळ खुणांवर आणला, तेव्हा दुसरा अंक नीट दिसला.

रंगमंचावरचे स्पॉट पुन्हा फोकस करायचे, तर शिडी उभी करण्यासाठी आधी फर्निचर बाजूला काढावे लागते, तापलेला स्पॉट हातमोजे घालून फिरवावा लागतो, आणि सोफ्यावर येणारा प्रकाश एकाच स्पॉटचा नसल्याने हे दोन-तीन ठिकाणी करावे लागते. आम्ही घेतो तो आकार या कामाचा आहे, आणि तो कोणाकडूनही घ्यावा लागू नये अशीच आमची इच्छा असते.

हे टाळण्याचा उपाय तालमीत आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या दोन खुर्च्या जोडून "हा सोफा" असे म्हटले, की नटाच्या पावलांना चुकीचे अंतर बसते आणि नाट्यगृहात आल्यावर सगळेच दूर वाटू लागते. त्याऐवजी पहिल्या आठवड्यापासून जमिनीवर खऱ्या मापाने चिकटपट्टी लावावी. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे यांपैकी प्रत्येक रंगमंच मापाने वेगळा आहे, म्हणून आपल्या नाट्यगृहाप्रमाणे काढलेला नकाशा आणि चिकटपट्टी आम्ही भाड्यातच देतो. हॉल लहान असेल, तर आमचा माणूस तालमीला येऊन अंतरे कुठे आणि किती आवळायची ते सांगतो. ज्यांनी ही सोय घेतली, त्यांच्या प्रयोगात फर्निचर सहसा हलवावे लागलेले नाही.

नाट्यगृहात आम्ही फर्निचरच्या मागच्या दोन पायांपाशी खुणा करतो, म्हणजे त्या प्रेक्षकांना दिसत नाहीत. प्रत्येक अंकासाठी पट्टीचा रंग वेगळा असतो. मध्यंतरात झाडू मारणाऱ्या मुलांना त्या काढू नयेत असे अवश्य सांगावे. नटांनीही प्रकाश जमिनीवर शोधू नये. जुन्या पद्धतीच्या स्पॉटची ऊब कपाळावर आणि गालांवर जाणवली, तर जागा बरोबर आहे; एलईडीची ऊब तशी जाणवत नसल्याने तिथे खुणेवरच भरवसा ठेवावा.

दिग्दर्शकांना बदल सुचला, तर तो फोकस सुरू होण्यापूर्वी सांगावा, आम्ही तो जादा आकार न घेता करून देऊ. नकाशासाठी नाट्यगृहाचे नाव, सत्र आणि सोफा, पलंग, टेबल यांची यादी आमच्याकडे प्रयोगाच्या निदान पंधरा दिवस आधी पोहोचवावी. घरचे फर्निचर आणणार असाल, तर त्याची लांबी, रुंदी आणि बैठकीची उंची फुटांत मोजून द्यावी.