अ‍ॅम्प्लिफायर मध्येच बंद पडतो? घड्याळ बघा

गाणं रंगात आलेलं असतं आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘टक्’ असा आवाज येऊन सगळं शांत होतं. यंत्र बिघडलं, हा पहिला विचार. पण तो ‘टक्’ बहुधा आतल्या रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचने, स्पीकरकडे जाणारी वाट तोडल्याचा असतो. स्वतःला किंवा स्पीकरला धोका आहे असं वाटल्यावर यंत्र स्वतःहून थांबतं. कशाला घाबरलं, हे ओळखायला किती वेळाने बंद पडलं ते आधी बघावं.

चालू केल्यावर दोन-चार सेकंदांतच बंद पडत असेल, तर संशय स्पीकरच्या वायरींवर घ्या. वायर सोलून टर्मिनलमध्ये घालताना एखादी केसासारखी तार बाहेर राहते, शेजारच्या टर्मिनलला टेकते आणि शॉर्ट होतो. प्लग काढा, सगळे स्पीकर सोडवा आणि पुन्हा चालू करा. आता नीट चालला तर दोष बाहेर आहे. मग दर वेळी प्लग काढून एकेक स्पीकर जोडत गेलात की चोर सापडतो. मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो, कारण मीटर फक्त स्पीकरमधल्या कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो. आकडा शून्याजवळ आला तर शॉर्ट नक्की.

स्पीकर सोडवूनही बंद पडतो? मग मात्र मामला गंभीर. आउटपुट ट्रान्झिस्टर जळला असेल तर स्पीकरच्या वाटेवर सरळ डीसी व्होल्टेज येतं आणि त्याने कॉइल जळू शकते. ते होऊ नये म्हणूनच रिले स्पीकरची वाट जोडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबून नशीब आजमावू नका, झाकणही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो. हे काम तंत्रज्ञाचं.

अर्ध्या तासाने बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो, तर कारण उष्णता. क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता सिद्धान्तानुसारही ७८.५ टक्क्यांपुढे जात नाही आणि घरच्या आवाजाला ती त्याहून कितीतरी कमी असते. उरलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. क्लास डी हा दुसरा प्रकार त्या मानाने थंड चालतो. तरीही लोक अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटात कोंबतात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवतात! वरच्या जाळीतली धूळ काढा आणि चारी बाजूंनी हवा खेळू द्या. एकाच टर्मिनलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात. तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट, म्हणून तापही जास्त.

फक्त बासच्या दणक्याला बंद पडत असेल तर तो तापाचा नव्हे, करंटचा प्रश्न. आवाज १० डेसिबलने वाढवायला दहापट पॉवर लागते, हे नॉब फिरवताना कुणाच्या ध्यानात नसतं.

यातलं काहीच नाही, पण हळू आवाजात किंवा शांततेत ठरावीक वेळाने बंद होतो, तर तो ऑटो स्टँडबाय. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमावलीने वापरात नसलेल्या उपकरणांनी आपोआप स्टँडबायमध्ये जावं, असं बंधन घातलं. आत येणारा सिग्नल फार क्षीण असेल तर यंत्राला वाटतं, कोणी ऐकत नाहीये. सबवूफर तर रात्रीच्या हळू ऐकण्यात हमखास असा झोपतो. सेटिंगमधून ही सोय बंद करता येते. टीव्ही बंद केला की अ‍ॅम्प्लिफायरही बंद होतो, तो एचडीएमआयवरून टीव्हीने दिलेल्या आज्ञेमुळे; त्यासाठी मेनूतला सीईसी पर्याय बंद करावा.

कसलाच नेम न ठेवता बंद पडतो, स्टँडबायचा दिवाही विझतो, तर वीजच पोचत नसेल. त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून प्लग हलकेच हलवा. तोही लुकलुकला तर अ‍ॅम्प्लिफायर राहू द्या, इलेक्ट्रिशियनला बोलवा.