टर्मिनल उचलायची सवय आणि ईसीयूची पेटी

नागपुरातल्या जुन्या गॅरेजांत हा प्रकार अजून दिसतो. गाडी चालू, बॉनेट वर, आणि मिस्त्री दहाच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल ढिलं करून सरळ उचलतो. इंजिन बंद पडलं नाही की म्हणतो, ‘चार्जिंग बरोबर हाय.’ डायनॅमोच्या जमान्यातली ही परीक्षा कार्बोरेटर आणि पॉइंटच्या गाडीत खपून जायची. आता बॅटरी सुटली तरी अल्टरनेटरच्या फील्डमधला करंट लगेच ओसरत नाही, आणि १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये क्षणभर ८०-१०० व्होल्ट चढू शकतात. याला लोड डम्प म्हणतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, हुशार कशी झाली हे सगळेच सांगतात. ती असला मार खायला कशी शिकली, ती गोष्ट मला जास्त आवडते.

पहिला धडा १९५८चा. बेंडिक्सची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली क्रायस्लरच्या जेमतेम ३५ गाड्यांत बसली. कल्पना उत्तम होती, पण आतले मेणकागदाचे कपॅसिटर उष्णता आणि ओल सोसेनात. बहुतेक गाड्यांना परत कार्बोरेटर लावून द्यावे लागले. त्याच पेटंटांच्या आधारे बॉशने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० वर डी-जेट्रॉनिक आणली, तीही अमेरिकेतल्या धुराच्या नियमांपायी. तिच्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. इंजिनाचा स्वभाव रेझिस्टर-ट्रान्झिस्टरच्या जोडणीतच पक्का झालेला.

१९७९च्या मोट्रॉनिकने (बीएमडब्ल्यू ७३२आय) तो स्वभाव मेमरीतल्या तक्त्यात नेला: इतके आरपीएम, इतका लोड, तर इतकं पेट्रोल आणि ठिणगी इतके अंश आधी. आकडे बदलले की तीच पेटी दुसऱ्या इंजिनाला चालणार. कंपन्यांनी तक्ते अर्थातच कुलपात ठेवले. २००१ साली बोलिंग आणि ग्रिपो या दोघा हौशींनी मेगास्क्वर्ट ही घरी जोडायची ईसीयू आणली: मोटोरोलाची ८-बिट चिप, सोल्डरिंग तुमचं, तक्ताही तुमचा.

पण तक्ता बदलणं सोपं, खरी डोकेदुखी पिनांची, म्हणजे सेन्सरांच्या तारा पेटीत शिरतात तिथली. इंजिन किती फिरलं हे सांगणारा सेन्सरच घ्या. एका गाडीत हॉल सेन्सर, ५ व्होल्टचे स्वच्छ चौकोनी पल्स. दुसरीत व्हीआर, म्हणजे चुंबक-कॉइलचा सेन्सर: सेल्फ मारताना व्होल्टचा एखादा अंश, आणि इंजिन तापून पळायला लागलं की दहापट-शंभरपट. त्यात सेल्फ मारताना बॅटरीही सहा-सात व्होल्टवर आलेली. एकाच इनपुटने हे सगळं सोसायचं, म्हणून बोर्डावर जम्पर आणि सिग्नल साफ करणाऱ्या वेगळ्या चिपा येतात.

उष्णतेचा हिशेब १९९०च्या दशकात क्रायस्लर, फोर्ड आणि डेल्को यांनी मिळून कागदावर आणला. (हो, डिस्ट्रिब्यूटरला आपले मिस्त्री ज्यांच्या नावाने ‘डेल्को’ म्हणतात, तेच घराणं.) गाडीतल्या चिपांसाठीच्या त्यांच्या एईसी-क्यू१०० मानकात ग्रेड १ म्हणजे उणे ४० ते १२५ अंश. हे मला जरा अतीच वाटायचं. मग नवतप्यात, पारा ४५च्या वर असताना, मी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या, ८५ अंशांपर्यंतच्या कपॅसिटरवर बनवलेला ईसीयूचा बोर्ड इंजिनाशेजारी लावला. दुपारी गाडी उन्हात उभी केली आणि संध्याकाळी झाकण उघडलं, तर दोन कपॅसिटरांच्या टोप्या फुगलेल्या.

नव्या बोर्डावर कपॅसिटर १२५ अंशांचे आहेत. आणि पॉवर आत येते तिथेच, फ्यूजनंतर लगेच, जाडजूड टीव्हीएस डायोड, म्हणजे क्षणभर चढलेले जादा व्होल्ट गिळणारा डायोड, बसवलाय. तो खास मिस्त्रीच्या दहाच्या पान्यासाठी.