कॉक्स बझारमधील रोहिंग्या निर्वासितांची उपजीविका

बांगलादेशच्या कॉक्स बझार जिल्ह्यात, उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत, रोहिंग्या निर्वासितांच्या ३३ छावण्या आहेत. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारले. ऑगस्ट २०१७ मध्ये राखाइन प्रांतात लष्करी कारवाई सुरू झाल्यावर सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून आले. त्यांत शेतकरी, मच्छीमार, छोटे दुकानदार होते; हातातले कसब सोबत आले, जमीन आणि होडी मात्र मागे राहिली.

बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि छावणीबाहेर काम करण्याची मुभाही निर्वासितांना नाही. त्यामुळे चरितार्थाचा मुख्य आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा. प्रत्येक कुटुंबाला दिलेल्या कार्डावर दरमहा ठरावीक रक्कम जमा होते आणि नेमून दिलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल घेता येते. २०२३ मध्ये निधीअभावी ही रक्कम माणशी १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आली. २०२४ मध्ये ती टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाली. शिध्यात जे मिळत नाही, म्हणजे मासळी, औषध, विड्याची पाने, मोबाइलचे रिचार्ज, त्यासाठी रोकड लागते, आणि ती उभी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच शिध्यातला थोडा तांदूळ वा तेल विकणे. याला मदतीचा गैरवापर म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ज्याच्याकडे विकण्यासारखे दुसरे काही उरलेले नाही, त्याच्यासाठी तांदूळ हेच चलन ठरते.

मदतसंस्था निर्वासितांना ‘स्वयंसेवक’ म्हणून नेमतात आणि तासाच्या हिशेबाने मानधन देतात; उतारावर पायऱ्या बांधणे, नाले उपसणे, आरोग्याची माहिती घरोघर पोहोचवणे अशी ही कामे असतात. ती थोडी असल्याने आळीपाळीने वाटली जातात. उरलेले पुरुष मिठागरांत, सुकी मासळी वाळवण्याच्या खळ्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची असल्याने त्यांना स्थानिकांत मिसळता येते. पण काम बेकायदा असल्याने मजुरी कमी मिळते आणि ती बुडाली तर दाद मागायला जागा नसते. बंदीने काम थांबलेले नाही, ते फक्त स्वस्त आणि असुरक्षित झाले आहे. दुसरीकडे, आपल्या रोजगाराला धक्का बसतो ही स्थानिक मजुरांची तक्रारही खरी आहे.

स्त्रिया झोपडीतच शिवणकाम करतात, बांबू व ताडपत्रीच्या छपरावर भोपळ्याचे वेल चढवतात. छावणीतल्या गल्ल्यांत चहाची, भाजीची, मोबाइल दुरुस्तीची दुकाने निर्वासितांनीच उभारली होती. २०२१ च्या अखेरीपासून अशी हजारो दुकाने प्रशासनाने पाडली. त्यानंतर उधारी वाढली, दागिने विकले गेले. मलेशिया वा सौदी अरेबियात नातलग असलेल्या घरांना हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या मध्यस्थांमार्फत, थोडे पैसे येतात. ज्यांना असा आधार नाही, त्यांच्यातले काही जण दलालांना पैसे देऊन अंदमान समुद्रातून मलेशियाकडे जाणाऱ्या होड्यांत बसतात.