शंका आणि तक्रार : हवामान बदलाच्या वादाची पार्श्वभूमी

हवामान बदलाविषयी जगात मतभेद आहेत, असे सरसकट म्हटले जाते तेव्हा निदान दोन वेगळी भांडणे एकाच शब्दात कोंबली जातात. पहिले भांडण विज्ञानाचे : तापमान वाढते आहे का आणि त्याला माणूस जबाबदार आहे का. दुसरे वाटणीचे : जबाबदार असलाच, तर कोणता माणूस, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा. पहिले भांडण शंकेतून आले, दुसरे तक्रारीतून. ‘जागतिक प्रयत्नांचा काही उपयोग नाही’ हा आज सर्रास ऐकू येणारा निष्कर्ष या दोन्ही वाटांनी काढला जातो. मात्र पहिली वाट बरीचशी मुद्दाम आखलेली होती आणि दुसरी खरी होती, हा फरक इतिहास पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

विज्ञानाची बाजू समजली जाते त्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणिती फूरिए याने १८२०च्या दशकात मांडली होती. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात ठेवली तर ती साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापते, हे अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये दाखवले आणि पाठोपाठ १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी या वायूचे उष्णता शोषण्याचे गुणधर्म प्रयोगशाळेत मोजले. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल असा हिशेब हाताने केला. थंड देशात राहणाऱ्या या शास्त्रज्ञाला ती ऊब स्वागतार्हच वाटत होती, हा भाग वेगळा. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७९ मध्ये दुपटीचा परिणाम ३ अंश, दीड अंश इकडे किंवा तिकडे, असा सांगितला. २०२१ मधील आंतरराष्ट्रीय आढाव्यातही मधला आकडा ३ अंशच राहिला. आजूबाजूची अनिश्चितता तेवढी आक्रसली.

या ज्ञानाला राजकीय वजन आले ते १९८८ मध्ये. २३ जून रोजी नासाचे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. त्यानंतर काही दिवसांतच टोरांटोच्या परिषदेने २००५ पर्यंत कर्बोत्सर्जन २० टक्क्यांनी घटवण्याची शिफारस केली आणि त्याच वर्षी हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाले. तेव्हा हा प्रश्न उजव्या-डाव्यांत विभागलेला नव्हता. तो संयुक्त राष्ट्रांपुढे आग्रहाने मांडणाऱ्यांत ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर होत्या, आणि थोरल्या जॉर्ज बुश यांनी निवडणूक प्रचारात हरितगृह परिणामाशी लढण्याचे आश्वासन दिले होते.

समोर एक ताजे यशही होते. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार झपाट्याने लागू होत होता आणि हवामानासाठीही तोच साचा वापरता येईल असे अनेकांनी गृहीत धरले. माझ्या मते पुढच्या बऱ्याच निराशेचे मूळ या गृहीतकात आहे. ओझोनला मारक असलेली रसायने मोजक्या कंपन्या बनवत होत्या, त्यांना पर्याय सापडत होते, कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी त्या रसायनांच्या व्यापारावर बंधने होती आणि १९९० मध्ये विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधीही उभा राहिला. कोळसा, तेल आणि वायू मात्र वीज, वाहतूक, पोलाद, सिमेंट, खत अशा सगळ्याच्या मुळाशी आहेत. नोव्हेंबर १९८९ मध्ये नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे मंत्र्यांच्या बैठकीत उत्सर्जन आहे तिथेच गोठवण्याचा ठराव अमेरिका, जपान, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्या विरोधामुळे निश्चित बंधनाविना उरला, तेव्हाच हा फरक दिसून आला होता.

शंकेचा उद्योग याच सुमारास उभा राहिला. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांतील कंपन्यांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ ही आघाडी काढली आणि ती २००२ पर्यंत चालली. वॉशिंग्टनमधील मार्शल इन्स्टिट्यूटने विज्ञान अजून अपुरे असल्याचे अहवाल काढले. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक साइट्स हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ त्याआधी एका तंबाखू कंपनीच्या संशोधन-निधीचे सल्लागार होते. १९९८ मध्ये अमेरिकी पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेला एक आराखडा फुटला. सामान्य नागरिकांना हवामानशास्त्रातील अनिश्चितता ‘समजू’ लागेल तेव्हा विजय मिळेल, अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. दरम्यान एक्झॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून केलेली तापमानाची भाकिते प्रत्यक्षात बरीच अचूक ठरल्याचे २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले.

तरीही प्रत्येक शंका विकत घेतलेली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये उपग्रहांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत वातावरणाच्या खालच्या थरात फारशी तापमानवाढ दिसत नव्हती, आणि हा आक्षेप गंभीर होता. पुढे १९९८ मध्ये उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत असल्याचा परिणाम लक्षात आला, २००५ मध्ये दिवसातील मोजणीची वेळ सरकत गेल्याची चूकही सापडली, आणि दुरुस्तीनंतर त्या नोंदीही वाढच दाखवू लागल्या. विज्ञानातला प्रामाणिक मतभेद असा मिटतो : त्याला पंधरा वर्षे लागली, पण तो मिटला. दुसऱ्या बाजूलाही चुका झाल्या. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता पुरेशा आधाराविना छापली गेली आणि ती नंतर मागे घ्यावी लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून चोरलेले हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल कोपनहेगन येथील जागतिक हवामान परिषदेच्या तोंडावर उघड झाले. नंतरच्या चौकशांत शास्त्रज्ञांनी माहितीत लबाडी केल्याचे आढळले नाही, मात्र माहिती खुली करण्यात त्यांनी हात आखडता घेतल्याबद्दल टीका झाली. लोकांच्या लक्षात चौकशीचा निकाल राहिला नाही, ईमेल राहिले.

तक्रारीची वाट याहून जुनी आहे. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी यांनी गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नव्हेत काय, असे विचारले. ते विधान म्हणून उद्धृत होते, पण तो प्रश्न होता आणि त्याचा रोख श्रीमंत देशांकडे होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेतील अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी देशवार उत्सर्जनाच्या एका अमेरिकी क्रमवारीवर सडेतोड आक्षेप घेतला. भातशेतीतून व जनावरांतून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारींतून निघणारा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाहीत, जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे वेगळे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी रिओ येथे स्वाक्षरीला आलेल्या हवामान करारात ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आले आणि औद्योगिक देशांची वेगळी यादी करण्यात आली.

या यादीवरच पुढची वीस वर्षे भांडण चालले. विकसनशील देशांवर बंधने नसलेला कोणताही करार स्वीकारू नये, असा ठराव अमेरिकी सिनेटने जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी केला, म्हणजे त्याच डिसेंबरात झालेला क्योटो करार जन्मापूर्वीच वॉशिंग्टनमध्ये निकालात निघाला होता. श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्के कपात करावी, एवढीच त्याची मागणी होती. धाकट्या बुश यांनी २००१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले, तो २००५ मध्ये लागू झाला आणि २०११ मध्ये कॅनडाही बाहेर पडण्याची घोषणा करून मोकळा झाला. दरम्यान २००६ च्या सुमारास चीन वार्षिक उत्सर्जनात अमेरिकेच्या पुढे गेला. इथून दोन्ही बाजूंच्या हातात खरे आकडे आले : औद्योगिक क्रांतीपासूनच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे हेही खरे, आणि आजच्या वार्षिक उत्सर्जनाचा जवळपास एक तृतीयांश चीनचा आहे हेही खरे. कोणता आकडा आधी सांगितला जातो यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखता येते.

जागतिक प्रयत्न चालू शकतात का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांमध्येही रंगला. निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात उपायांचा खर्च जागतिक उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का आणि काहीच न केल्याचे नुकसान ५ ते २० टक्के असा हिशेब दिला. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर टीका केली ती विज्ञानाची नव्हती, तर पुढच्या पिढ्यांच्या नुकसानीची आजची किंमत किती कमी धरायची याची होती. स्वच्छ हवामानाचा लाभ सर्वांना मिळतो आणि कपातीचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याच्या जिवावर फुकट लाभ घेऊ पाहतो. म्हणून बाहेर राहणाऱ्यांच्या मालावर जकात लावणारा देशांचा गट करावा, असे नॉर्डहाउस यांनी नंतर सुचवले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे म्हणणे उलट होते : एकाच जागतिक कराराची वाट न पाहता शहरे, राज्ये आणि देश अशा अनेक पातळ्यांवर एकाच वेळी काम होऊ शकते.

एक तांत्रिक बाब सहसा चर्चेत येत नाही, पण ती निर्णायक आहे. १९९५ मध्ये बर्लिन येथे रिओच्या हवामान करारातील देशांची पहिली परिषद भरली तेव्हा मतदानाच्या नियमावर एकमत झाले नाही आणि तो नियम आजतागायत स्वीकारला गेलेला नाही. त्यामुळे प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घ्यावा लागतो आणि थोडे देशही शब्द बोथट करू शकतात. २००९ मध्ये कोपनहेगन परिषद फिसकटल्यावर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये रचनाच बदलली गेली : उद्दिष्ट प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचे, दर पाच वर्षांनी ते वाढवायचे, प्रगती कळवायची, पण चुकल्यास दंड नाही. टीकाकारांना ही करारातली पळवाट वाटते. समर्थकांच्या मते याहून कडक करारावर सह्याच झाल्या नसत्या. अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला, तरी बाकीचे देश पाठोपाठ उठून गेले नाहीत.

निकाल काय लागला, याचे उत्तर कशाशी तुलना करायची यावर अवलंबून आहे. जीवाश्म इंधनांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड १९९० मध्ये सुमारे २२ अब्ज टन होता, २०२३ मध्ये तो सुमारे ३७ अब्ज टन झाला, आणि २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष. त्याच वेळी शतकाअखेरीच्या तापमानवाढीचे अंदाज पॅरिसपूर्वी ४ अंशांच्या आसपास होते, ते आता ३ अंशांच्या जवळ आले आहेत. यात सौर पॅनेलांच्या घसरलेल्या किमतींचा मोठा हात आहे, आणि त्या घसरल्या सौर विजेला ठरावीक दर देणाऱ्या जर्मनीच्या २००० सालच्या वीजखरेदी कायद्यामुळे व चीनच्या कारखानदारीमुळे, कोणत्याही जागतिक करारातील कलमामुळे नव्हे. ऑस्ट्रॉम यांच्या बाजूने पडणारा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

तक्रार मात्र तशीच उभी आहे. २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे कोपनहेगनमधील वचन श्रीमंत देशांच्या स्वतःच्या हिशेबानेही दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पूर्ण झाले. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलर हे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताने ते अपुरे म्हणून भर सभेत नाकारले. वानुआतू या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. हवामानाला मोठी हानी होऊ न देण्याचे कर्तव्य रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानेही प्रत्येक राष्ट्रावर आहे आणि करारातून बाहेर पडल्याने ते संपत नाही, असे मत न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने दिले. ते बंधनकारक नाही, पण आपापल्या देशांतील न्यायालयांत दाद मागणाऱ्यांना त्याचा आधार घेता येईल.