पाच वाजता उठायच्या आधी तुमचं घड्याळ कुठल्या देशात आहे ते बघा

भाचा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो, रात्री चार वाजेपर्यंत जागतो आणि दुपारी बाराला उठतो. गेल्या काही महिन्यांत चिडचिड वाढली होती, कशातच मन लागेना. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, ब्रह्ममुहूर्तावर उठा, उगवत्या सूर्याकडे टक लावून बघा, डिप्रेशन आठवड्यात गायब. बिचाऱ्याने आठवडाभर अलार्म लावून सहाला गच्चीत उभं राहून बघितलं. झोप गेली ती गेलीच, वर मूड आणखी खराब.

पहिली गोष्ट, सूर्याकडे टक लावून बघू नका, कोणीही सांगितलं तरी. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळतच नाहीत, त्यामुळे जळत असतानासुद्धा दुखत नाही. उजेड हवाय तो आजूबाजूचा.

आता उजेडाचा आणि मनाचा काय संबंध? लाजाळूचं झाड आठवा. हात लावल्यावर मिटतं ते सगळ्यांना माहितीये, पण ते रात्रीही मिटतं. 1729 मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच माणसाने लाजाळू अंधारात ठेवलं, तरी पानं आपली वेळेवर उघडत-मिटत राहिली, म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच आहे. आपलंही आतच आहे, मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोब्बर वर, साधारण वीस हजार पेशींचा एक ठिपका. झोप, शरीराचं तापमान, कॉर्टिसोल हे हार्मोन, भूक, सगळ्यांचं टाइमटेबल तिथून निघतं. पेशीतलं हे घड्याळ कसं चालतं ते फळांवर घोंगावणाऱ्या माश्यांवर शोधणाऱ्या तिघांना 2017चं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे हे घड्याळ सरासरी 24 तास 12 मिनिटांचं असतं. म्हणजे रोज थोडं मागे पडणारच, आणि रोज कोणीतरी काटा फिरवून लावायला हवा. ते काम उजेड करतो. पण डोळ्यातल्या कुठल्या पेशी? काही पूर्ण अंध लोकांचं घड्याळसुद्धा उजेडाने लागतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. मग 1998 मध्ये बेडकाच्या कातडीत (हो, कातडीत!) मेलानोप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं, तेच पुढे आपल्या रेटिनातही निघालं, आणि 2002 मध्ये कळलं की ते असलेल्या मोजक्या पेशी चित्र बघण्यापेक्षा आकाश किती उजळलंय तेच मुख्यतः मोजतात आणि थेट त्या ठिपक्याला कळवतात. त्यांना निळसर उजेड जास्त कळतो आणि तो भरपूर लागतो. मी फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं, ट्यूबलाइटखाली दीडशेच्या आसपास लक्स (उजेड मोजायचं एकक), आणि भर पावसाळी ढगातही बाल्कनीत सहा-सात हजार. डोळ्याला दोन्ही 'उजेड'च वाटतात.

आता जरा किचकट भाग, पण मला सगळ्यात आवडतो तो हाच. तोच उजेड वेळेनुसार उलटं काम करतो. झोका देताना कसं, योग्य वेळी ढकललं तर उंच जातो आणि चुकीच्या वेळी ढकललं तर थांबतो, तसं. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. त्या क्षणानंतर डोळ्यात गेलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे आज रात्री झोप लवकर येते. त्या क्षणाआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, झोप आणखी उशिरा. सहाला उठणाऱ्या माणसाचा हा क्षण पहाटे साडेतीनच्या सुमाराचा. माझ्या भाच्याचा? सकाळी साडेनऊ! म्हणजे तो सहाला गच्चीत उभा होता तेव्हा त्याच्या शरीराच्या हिशोबाने मध्यरात्र होती, आणि प्रत्येक पहाट त्याचं घड्याळ आणखी मागे, जणू आणखी पश्चिमेकडच्या देशात नेत होती.

मूडचं म्हणाल तर, थंड देशात हिवाळ्यात दिवस लहान झाले की येणारं नैराश्य 1984 मध्ये रोझेन्थल या मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलं आणि त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा दिवा हा उपचार आजही वापरतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे, फक्त आपण पडदे लावून बसतो. मात्र उजेड म्हणजे गोळ्यांना पर्याय नाही, आणि बायपोलर (मूड कधी अगदी खाली, कधी अगदी वर जाण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले प्रयोग नकोतच, तेज उजेडाने मूड उलट्या टोकाला जाऊ शकतो. मन फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

भाच्याला मी सांगितलं, अलार्म बंद कर, बाराला उठ आणि उठल्या उठल्या चहा घेऊन अर्धा तास बाल्कनीत बस, मग दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा तास अलीकडे ये, आणि रात्री अभ्यासिकेतून आल्यावर घरातले दिवे मंद ठेव.

ताई शेजारीच होती. म्हणाली, "वा रे वा, म्हणजे बाराला उठायला आता सायन्सचं सर्टिफिकेट!"