जर्सीसंग्रह, लहान फुटबॉल क्लबांचा

प्रवासात त्या त्या गावच्या लहान किंवा हौशी फुटबॉल क्लबाची जर्सी मिळवून ती नोंदीसह जपण्याचा छंद. नाणी किंवा टपाल तिकिटांच्या संग्रहापेक्षा हा छंद बराच अलीकडचा असून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत तो रुजला, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. जगात कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या नामांकित क्लबांच्या जर्सी या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. येथे विचार आहे तो जिच्यासाठी त्या गावीच जावे लागते अशा जर्सीचा. सोलापूरसारख्या कापडावर जगणाऱ्या शहरातून या छंदाकडे पाहिले, की जर्सीवरच्या नावापेक्षा तिची वीण, शिवण आणि छपाई आधी डोळ्यांत भरते. संग्राहकासाठी ही दृष्टी फार मोलाची आहे.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार संग्रहाचे मूळ खेळाडूंमधील जर्सीच्या अदलाबदलीत आहे. १४ मे १९३१ रोजी पॅरिसजवळील कोलोंब येथे फ्रान्सने इंग्लंडला ५-२ असे हरवले आणि विजयाची आठवण म्हणून इंग्लिश खेळाडूंच्या जर्सी मागून घेतल्या. अदलाबदलीची ही पहिली नोंद समजली जाते. दुसरे मत विक्रीला महत्त्व देते. अम्ब्रो या इंग्लिश क्रीडावस्त्र कंपनीने १९५९ च्या सुमारास मुलांसाठी क्लबांच्या रंगांतील पोशाखाचे संच बाजारात आणले. पुढे लेस्टरशायरमधील विगस्टन येथे अंतर्वस्त्रे विणणाऱ्या कुक अँड हर्स्ट या कारखान्याने ॲडमिरल या छापाखाली १९७३ मध्ये लीड्स युनायटेडशी आणि १९७४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केला. जर्सी चाहत्याला विकायची वस्तू झाली ती खऱ्या अर्थाने तेव्हापासून. अदलाबदल हा खेळाडूंचा आपसातला व्यवहार होता, प्रेक्षकाला त्यात जागा नव्हती. त्यामुळे छंदाच्या उगमासाठी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

छातीवर जाहिरात असलेली पहिली जर्सी कोणती, हा वाद याहून गुंतागुंतीचा आहे, आणि जर्सीच्या कालनिश्चितीसाठी तो सोडवणे आवश्यक ठरते. उरुग्वेतील पेन्यारोल या क्लबाचे नाव १९५० च्या दशकासंदर्भात घेतले जाते. जर्मनीत वोर्माटिया वोर्म्स या लहान क्लबाने १९६७ मध्ये एका यंत्रकंपनीची अक्षरे छातीवर घातली व जर्मन फुटबॉल महासंघाने ती उतरवायला लावली, असे सांगितले जाते. आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या जर्मन क्लबाचे प्रकरण मात्र भक्कम नोंदींवर उभे आहे. जाहिरातीला बंदी असल्यामुळे क्लबाच्या सभासदांनी १९७३ च्या आरंभी आपले बोधचिन्हच बदलले. सिंहाच्या जागी येगरमाइस्टर या मद्याच्या बाटलीवरील सांबर आले आणि २४ मार्च १९७३ रोजी शाल्के या क्लबाविरुद्ध संघ ते चिन्ह लावून उतरला. त्याच वर्षी जर्मन महासंघाने जाहिरातींना परवानगी दिली. इंग्लंडमध्ये पहिला मान केटरिंग टाउन या कनिष्ठ लीगमधील क्लबाला जातो. २४ जानेवारी १९७६ रोजी बाथ सिटीविरुद्ध त्यांच्या जर्सीवर ‘केटरिंग टायर्स’ ही अक्षरे होती. फुटबॉल असोसिएशनने ती काढायला सांगितल्यावर क्लबाने ‘केटरिंग टी’ एवढेच ठेवले व ‘टी’ म्हणजे टाउन असा खुलासा केला. तोही मान्य झाला नाही. १९७७ मध्ये बंदी उठली. पेन्यारोलचा दावा खरा धरला तरी नियम वाकवण्याचा धोका पत्करणाऱ्यांत वोर्म्स आणि केटरिंगसारखे लहान क्लब होते, ही गोष्ट बदलत नाही. पैशाची निकड त्यांनाच अधिक होती.

जर्सीचा काळ ठरवण्याच्या इतर खुणा थोडक्यात अशा : इंग्लिश लीगमध्ये पाठीवरचे क्रमांक २५ ऑगस्ट १९२८ रोजी प्रयोगादाखल आले व १९३९ मध्ये सक्तीचे झाले; प्रीमियर लीगमध्ये खेळाडूचे नाव पाठीवर १९९३ पासून आहे. लहान क्लबांत हे बदल उशिरा पोहोचतात, म्हणून या सनावळ्या ‘याच्या आधीची नसावी’ एवढ्याच अर्थाने वापराव्यात.

भारतातील स्थिती : आपल्याकडे दुर्मिळतेचे कारण निराळे आहे. भारतीय फुटबॉलचा मोठा काळ पोलीस, रेल्वे, बँका आणि गिरण्यांच्या संघांचा होता. या संघांच्या जर्सी साहेबाच्या सहीने खेळाडूला मिळत. विक्रीचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. १९३७ मध्ये हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स होता. त्या काळच्या सुती जर्सी वापरून विरल्या आणि घरात फडके झाल्या. पंजाबातील फगवाडा येथील जेसीटी हा कापडगिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता. २०११ मध्ये तो बंद झाला. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. अशा संघांची जर्सी आज मिळालीच तर माजी खेळाडूच्या घरातून मिळते, आणि ती मागताना खरेदीची भाषा करू नये, हा संग्राहकांमधील चांगला संकेत आहे.

सोलापूरच्या संग्राहकाला सर्वांत जवळचे समृद्ध क्षेत्र म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ आपापल्या पेठेशी जोडलेले आहेत आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर सामन्याच्या दिवशी पेठच्या पेठ हजर असते. तालमीची जर्सी गावातल्याच खेळसाहित्याच्या दुकानात शिवून व छापून घेतली जाते. ती हवी असल्यास सांगोला-मिरजमार्गे जाऊन तालमीत ओळख काढावी लागते. मुंबईहून सोलापूरमार्गे बंगळूर व हैदराबादला जाणाऱ्या रेल्वेगाड्यांमुळे ती दोन्ही जुनी फुटबॉल शहरे रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली या विणकर समाजाच्या कुटुंबांचे तेलंगणाशी सोयरसंबंध असल्याने लग्नकार्याला हैदराबादला जाणे नेहमीचेच असते. त्यातच एखादे मैदान पाहून होते.

कापडाची पारख : सोलापुरात कापडगिरणी १८७० च्या दशकात आली, चादर आणि टेरी टॉवेलांनी शहराचे नाव देशभर नेले आणि अलीकडे गणवेशांचा व्यवसाय वाढला. चादर मागावर ताणा-बाण्याने विणली जाते. जर्सीचे कापड सुयांवर फासे घालून विणलेले, म्हणजे होजिअरीचे असते. तंत्र वेगळे असले तरी कापड उलटे करून पाहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते. मागावर वाढलेला माणूस जर्सी हातात आल्यावर आधी तिची उलट बाजू बाहेर काढतो. छातीवरचे चिन्ह भरतकामाचे असेल तर आतून दोऱ्यांचा गुंता व त्यामागे लावलेले कडक अस्तर दिसते. चिकटवलेले असेल तर आतली बाजू सपाट राहते. सब्लिमेशन छपाईत रंग वाफेच्या रूपाने पॉलिएस्टरच्या तंतूत शिरतो, त्यामुळे वरून बोट फिरवल्यास काहीच लागत नाही. पण कापड ताणले की फाशांच्या मधून मूळ पांढरा रंग डोकावतो आणि उलट बाजू फिकट असते. रबर प्रिंट बोटाला लागते व जुनी झाली की तिला बारीक भेगा पडतात. डॉट निटच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या विणीच्या जर्सीवर जाड रबर प्रिंट असेल तर कापडाची छिद्रे बुजून खेळाडूच्या छातीवर घाम साचतो. अशी जर्सी बहुधा एखाद-दुसऱ्या स्पर्धेपुरती केलेली असते.

लहान क्लब बहुतेक वेळा उत्पादकाच्या यादीतील तयार नमुना घेतात आणि चिन्ह व क्रमांक स्थानिक दुकानातून लावून घेतात. तोच नमुना शेजारच्या गावातही असू शकतो. म्हणून अस्सल आणि नक्कल यांतील जी रेघ मोठ्या क्लबांच्या बाबतीत कंपनीच्या पट्टीवरून ओढता येते, ती येथे पुसट होते. काही संग्राहक फक्त सामन्यात वापरलेली जर्सीच अस्सल मानतात. क्लबाने स्वतः दिलेली किंवा विकलेली जर्सी अस्सल मानणे, हे मत अधिक व्यवहार्य दिसते. गावच्या दुकानात लावलेले चिन्ह हीन समजण्याचे तर काहीच कारण नाही. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेली अर्जेंटिनाची निळी जर्सी सामन्याआधी ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणलेली होती. चिन्ह घाईने शिवले होते आणि चकाकते रुपेरी क्रमांक इस्त्रीने चिकटवले होते. हीच जर्सी २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना गेली. ती पूर्वार्धातली की उत्तरार्धातली, असा वाद मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी उपस्थित केला होता. छायाचित्रांतील बारकाव्यांशी जर्सी ताडून पाहण्याची पद्धत तेव्हा कामी आली.

नोंद : संग्रहातील प्रत्येक जर्सीसोबत गाव, मैदान, तारीख, सामना, देणाऱ्याचा क्लबाशी संबंध आणि जर्सी धुतली आहे की नाही, एवढे तरी लिहिलेले असावे. ही नोंद नसलेली जर्सी दुर्मिळ असूनही मुकी राहते. टपालाने मागवलेल्या जर्सी संग्रहात घ्याव्यात की नाही, यावर मतभेद आहेत. पूर्व लंडनच्या क्लॅप्टन कम्युनिटी या सभासदांच्या मालकीच्या क्लबाने २०१८ मध्ये स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या ध्वजरंगांतील जर्सी काढली आणि स्पेनमधून हजारोंनी मागण्या आल्या. क्लबाला पैसा मिळाला, हे निःसंशय चांगले झाले. तरीही जर्सीबरोबर मैदान, माणसे आणि त्या गावची बोली पाहायला मिळणे हाच या छंदाचा गाभा असल्याने प्रवासात मिळवलेल्या जर्सीला वरचे स्थान देणे योग्य होय.

जतन : सोलापूरचा एप्रिल-मेमधला उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छताखाली त्याहून तापते. उष्णता व दमट हवा यांमुळे पॉलियुरेथेनचे चिकटवलेले क्रमांक चिवटपणा गमावून सुटतात; विनाइलची छपाई मऊ पडून दुसऱ्या घडीला चिकटते. जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. छपाईवर जुन्या मलमलीचा तुकडा ठेवून, शक्यतो घडी न घालता, खालच्या मजल्यावरील कपाटात आडवी ठेवावी. इस्त्री करायचीच तर उलट बाजूने आणि कोमट. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, म्हणून डांबराच्या गोळ्यांची गरज नाही. त्या फक्त लोकरीच्या जुन्या जर्सींना लागतात, आणि तिथेही गोळी कापडात बांधून कोपऱ्यात ठेवावी.